मोठ्या आवाजाचं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचं मी ठरवलं ते कुणाला मारायला नव्हे. (आमच्या घरात झुरळ मारायचं कामसुद्धा माझी बायको विद्युलताच करते.) मला ते हवं होतं आमच्या सर्जासाठी.

सर्जा म्हणजे आमचा राजपाळयम जातीचा कुत्रा. पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा आणि खानदानी शिकारी. तो सासऱ्यांनी दिलेला. मी मूळचा साताऱ्याचा, विमा कंपनीच्या नोकरीपायी मद्रासला आलो आणि तंजावूरच्या मराठी घराण्याचा जावई झालो. सासरे जनकोजीराव एके काळचे नामांकित शिकारी. पुढे सरकारने शिकार बंद केली, पण सासऱ्यांची शिकाऱ्याची ऐट काही सरकारला बंद करता आली नाही. पिल्लू हातात देतानाच त्यांनी बजावलं होतं, "बंदुकीच्या बाराला भिणारा कुत्रा माझ्या घरचा नव्हें. पोंगलाला येतों, बार काढून बघतों. भ्याला तर परत नेतों. सरि?"

मीही 'सरि', म्हणजे 'बरं', म्हणालो. सासऱ्यांना मी दुसरं काही म्हणत नाही.

आणि दिवाळीत पहिला लवंगी फटाका वाजल्याबरोबर सर्जा न्हाणीघरात बंबामागे जाऊन बसला. (त्याला धीर द्यायला मीही तिथेच बसलो होतो. निदान घरात मी तसं सांगितलं.) विद्युलतेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा नेतील हो त्याला. मग दिवसभर मी कोणाशीं बोलूं?" मलाही गलबलून आलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की आनंदाने उड्या मारणारं त्या घरात तेवढं एकच माणूस होतं.

ऑफिसातल्या सेतुमाधवने मार्ग दाखवला. "फटाके नकोत. काडी ओढली की कुत्रा आधीच ओळखतो. शर्यतीत वाजवतात ना, ते स्टार्टर पिस्तूल घे. गोळी नाही, नुसता आवाज. शिकारी कुत्र्यांना त्यावरच तयार करतात."

शिकारी कुत्रे! पिस्तूल! जन्मभर मी स्टेपलरपेक्षा धोक्याचं काही हाताळलेलं नव्हतं. त्या दिवशी एग्मोरला खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरलो तो छाती काढूनच.

"स्कूल स्पोर्ट्स?" मालक कृष्णस्वामींनी विचारलं.

"हंटिंग डॉग," मी आवाज खर्जात लावून म्हणालो.

त्यांनी काचेवर दोन पिस्तुलं मांडली. एक तळहातात मावणारं. दुसरं चांगलं लांबरुंद, तपकिरी मुठीचं, बघूनच घाम फुटावा असं. "कुत्र्यासाठी लहान घ्या. तो खात असताना लांबून वाजवा. मग हळूहळू जवळ या."

हे अगदी शहाणपणाचं होतं आणि मी लहानच घेणार होतो. इतक्यात शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "मलाही तेच द्या, बालवाडीच्या बेडूकउड्यांसाठी."

मी मोठं घेतलं.

पण त्याचा मुहूर्तच लागेना. रोज संध्याकाळी मी ते पुसायचो, आरशासमोर धरून बघायचो आणि कपाटात ठेवायचो. सासरे अजून लांब होते, घाई कसली? आणि एका शनिवारी संध्याकाळी दाराशी टॅक्सी थांबली. पोंगलाचं आरक्षण मिळेना म्हणून अप्पा आधीच आले! प्रवासात पायाला मुंग्या आलेल्या, त्यामुळे एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने टॅक्सीवाला असं धरून त्यांना आत नेलं. शेजारचे नारायणस्वामी कठड्यावरून बघत होते. "उद्यां बार काढूं," म्हणून अप्पा लवकर झोपले.

म्हणजे हातात होती फक्त रविवारची सकाळ. विद्युलता दुधाच्या रांगेत गेलेली. अप्पा घोरत होते आणि त्यांना कमीच ऐकू येतं. मी मागच्या अंगणात सर्जापुढे दहीभात ठेवला, लांब जाऊन उभा राहिलो, डोळे मिटले आणि चाप ओढला.

धाड्!

डोळे उघडले तेव्हा मी धुण्याच्या दगडामागे पालथा होतो. सर्जा? सर्जा दहीभात खात होता! कान टवकारले, माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि पुन्हा थाळीत तोंड घातलं. मला आनंदाने काही सुचेना. पुन्हा बार काढला. धाड्! आणखी एक. धाड्! सर्जा ताटली चाटत होता. वाचला! आमचा कुत्रा वाचला!

मी धावत पुढल्या अंगणात आलो तर नारायणस्वामी फाटकाशी उभे. चेहरा गंभीर.

"केव्हा झालं?"

"आत्ताच! ऐकू आलं तुम्हाला?"

"सगळ्या गल्लीला आलं. फार त्रास झाला का?"

"मुळीच नाही! हूं की चूं नाही!"

"भाग्य लागतं."

"भाग्य कसलं हो? महिनाभर याच दिवसाची तयारी करत होतो मी!"

त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, खांदा थोपटला आणि निघून गेले. पाचच मिनिटांत समोरच्या अन्नपूर्णाबाईंनी कॉफीचा थर्मास आणून दिला आणि न बोलता माझा हात दाबला. कोणी बाक आणून मांडला, त्यावर गल्लीतली माणसं येऊन बसली. शेजारचा रेडिओ बंद झाला. नारायणस्वामी गुलाबाचा जाडजूड हार घेऊन परत आले. मी भारावून गेलो. मद्रासच्या लोकांना कुत्र्यांचं एवढं कौतुक असेल हे मला ठाऊकच नव्हतं! गळ्यात ढोल अडकवलेली दोन माणसं आली तेव्हा मात्र मला वाटलं, हे जरा जास्तच होतंय.

तेवढ्यात विद्युलता आली. तिने गर्दी बघितली, ढोल बघितले, हार बघितला. दुधाची पिशवी तिच्या हातून गळाली. "अप्पा!" असा टाहो फोडून ती आत पळाली आणि क्षणभराने डोळे पुसत बाहेर आली. ते डोळे आता माझ्यावर रोखलेले होते.

"घोरताहेत तें! काय केलांत तुम्ही?"

"पिस्तूल वाजवलं. सर्जासाठी."

"अय्यो! अहो, ह्या मुलखांत भल्या सकाळीं घरांत वेट्टु, फटाके वाजले तर तें कशाला? कोणी गेलें तर फोडतात! मयताला! हे ढोलही मयताचेच!"

बाकावरचे सगळे उठून उभे राहिले, कारण दारात अप्पा आले होते. कमरेला पांढरी वेष्टी, पांढऱ्या मिशा. नारायणस्वामींच्या हातून हार खाली पडला. ढोलवाले मागे सरकले.

"कोण गेलें?" अप्पांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता आपलं काही खरं नाही, हे मी ओळखलं. विद्युलतेने सगळं सांगितलं, तसे अप्पा गदागदा हसायला लागले. "म्हणजे मीच की! हार कोठें आहे माझा?" हार मागच्या अंगणातून आलेल्या सर्जापाशी होता. त्याने एव्हाना त्यातले निम्मे गुलाब खाल्ले होते.

मग अप्पा गंभीर झाले. माझ्याकडचं पिस्तूल त्यांनी मागून घेतलं. विद्युलतेने माझं मनगट घट्ट पकडलं. अप्पांनी हात वर केला.

धाड्!

सर्जाने मानसुद्धा वर केली नाही. पुढचा गुलाब तोडला आणि चावत बसला.

"शाबास रे वाघा!" अप्पा ओरडले. ढोलवाल्यांनी आपण होऊन ढोल बडवायला सुरुवात केली. अन्नपूर्णाबाई टाळ्या वाजवायला लागल्या. आणि विद्युलता मला शोधू लागली. मी नारायणस्वामींच्या पाठीमागे, त्यांचे दोन्ही खांदे धरून उभा होतो.

अप्पांनी सर्जाला थोपटलं, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"कुत्रा नेत नाहीं," ते लेकीला म्हणाले. "इथेंच राहूं दे. पोर परगांवांत राहते, घरांत एक तरी पुरुष पाहिजे की."

"होय की अप्पा," विद्युलता म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.