आपली टीम हरली, दुकान बंद

आमच्या घाटनांदूरला मन्मथअप्पांचं कापडाचं दुकान होतं. महिन्यातून एकदा तरी त्या दुकानावर भरदुपारी पाटी लागायची : 'आपली टीम हरली. दुकान बंद.' परगावचं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं, कारण त्या दिवशी भारताची कुठेच मॅच नसायची. गावातलं गिऱ्हाईक काही न विचारता शेजारच्या दुकानात शिरायचं. अप्पांची टीम अमेरिकेत होती, फुटबॉल खेळायची, आणि नेमाने हरायची.

हे लचांड माझ्या गळ्यात पडलं, कारण मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि ते मलाही किती येत होतं ते माझं मला ठाऊक.

तेव्हा नुकताच बाहेरदेशचा माल सगळीकडे सुटला होता. अप्पांनी परदेशी जुन्या कपड्यांचा एक गठ्ठा आणला. त्यातल्या एका हिरव्या जाकिटाच्या खिशात किल्ली निघाली. दुसऱ्या कुणी ती भंगारात टाकली असती. अप्पांना घास गोड लागेना.

"सर, कुनाचं तरी घर बंद पडलं असंल की हो! लिवा पत्र."

खिशात किल्लीबरोबर एका क्लबचं कार्ड होतं, त्यावर पत्ता. कॉटर्सबर्ग म्यूल्स, तिसरी डिव्हिजन. म्यूल म्हणजे खेचर, हे मी भीतभीत सांगितलं. अप्पा खूशच झाले. "इमानदार जनावर. आन् तिसरी डिव्हिजन काय वाईट हाय? मॅट्रिकला मला तीबी न्हाई भेटली."

किल्ली रजिस्टर पोस्टाने रवाना झाली. दीड महिन्याने क्लबच्या ऑफिसातल्या मार्था नावाच्या बाईंचं उत्तर आलं. किल्ली मैदानावरच्या सामानाच्या खोलीची होती. ते कुलूप त्यांनी केव्हाच तोडलं होतं. पण एवढ्या लांबून किल्ली परत करणारा माणूस आपण पाहिला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ : 'तुमची तब्येत कशी आहे?'

ती ओळ अप्पांनी मला तीनदा वाचायला लावली. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावात सगळे त्यांना कापडाचा भाव विचारत. तब्येत विचारणारं कुणी नव्हतं. अप्पांनी उत्तरात उजव्या गुडघ्याचं सगळं पुराण मला लिहायला लावलं. गुडघ्यात 'कळ येते'चं इंग्रजी करताना माझ्याच डोक्यात कळ आली.

झालं, तेव्हापासून दर पत्रात वर मॅचचा निकाल आणि खाली गुडघ्याची चौकशी.

पत्र यायला तीन आठवडे लागत. पण अप्पांचं म्हणणं असं की, पाकीट फोडेपर्यंत मॅच चालूच असते. बंद पाकीट उराशी धरून ते महादेवाच्या देवळाला पाच फेऱ्या घालत, आणि मलाही सोबत ओढत. मला जुना दमा. तिसऱ्या फेरीला माझा भाता सुरू व्हायचा.

"अहो अप्पा, ती मॅच केव्हाच हरलेत ते!" मी धापा टाकत म्हणायचो.

"तुमाला काय म्हाईत? पाकीट बंद हाय न्हवं?"

एकदा त्यांनी गोलकीपरसाठी विभूतीची पुडी पाठवली. मार्थाबाईंनी कळवलं, त्याने ती मोज्यात ठेवली आणि त्या दिवशी फक्त दोनच गोल खाल्ले. "दोनच!" अप्पा गावभर सांगत सुटले.

गावात केबल आली तेव्हा पहिलं कनेक्शन अप्पांचं. महिनाभर ते टीव्हीपुढे मांडी ठोकून बसले. इटली दिसली, इंग्लंड दिसलं, खेचरं काही दिसेनात. शेवटी केबलवाल्याला रस्त्यात धरलं. "आमची टीम कावून दाखवत न्हाईस बे?"

तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अप्पा, त्यांच्या गावात बी दाखवत नसतीन."

आणि मग ते पत्र आलं. अप्पा गुडघा दाखवायला अंबाजोगाईला गेलेले, म्हणून पोस्टमनने पाकीट शाळेत माझ्याकडे दिलं. मी फोडलं, तेवढंच चुकलं माझं. क्लब बंद झाला होता. मैदान विकलं, ऑफिसला कुलूप. मार्थाबाई दूरच्या गावी बहिणीकडे चालल्या होत्या. आता या पत्त्यावर पत्र मिळणार नव्हतं, नवा पत्ता मागाहून कळवणार होत्या. तो काही आला नाही.

अप्पा लंगडत परत आले आणि आल्या आल्या विचारलं, "पत्र?" मी खिशातलं पत्र आणखी आत दाबलं. म्हटलं, "आलं नाही अजून."

पुढच्या महिन्यात मी खोटं पत्र लिहिलं. माझ्याकडे पडून असलेलं मार्थाबाईंचं एक जुनं पाकीट नीट चिकटवलं आणि पोस्टमनला पटवून त्याच्या हातून पोचवलं. खोटंच लिहायचं तर हात कशाला आखडायचा? तीन-शून्यनं जिंकवलं. अप्पांनी गावात पेढे वाटले. मला चेव आला. पुन्हा जिंकवलं; रेवड्या वाटल्या. तिसऱ्या विजयाला पेढेही नाहीत, रेवड्याही नाहीत. चौथं पत्र अप्पांनी दोनदा वाचायला लावलं. पाचवं पत्र वाचून झालं तेव्हा त्यांनी कापायला घेतलेलं कापड बाजूला ठेवलं.

"सर, हे पत्र तुमचं हाय."

"कावून?" गडबडीत मीही त्यांच्यासारखाच बोललो.

"आपली टीम लागोपाट पाच मॅच जिंकत न्हाई. आन् पाच पत्रं झाली, बाईनं गुडघ्याचं एकदाबी विचारलं न्हाई."

मी दिवसरात्र खिशात बाळगलेलं खरं पत्र काढलं आणि वाचलं. शेवटची ओळ वाचताना मला माझीच लाज वाटली. लिहिलं होतं : 'तुमचा गुडघा आता कसा आहे?' पाच महिने ती ओळ मी खिशात कोंडून ठेवली होती.

अप्पा गुडघा चोळत बसले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग म्हणाले, "तुमी लिवत ऱ्हावा, सर. पन हरल्याचं लिवा. आन् खाली गुडघ्याचं इसरू नगा."

तेव्हापासून मी दर महिन्याला टीमला हरवायचो. चार-शून्य, पाच-एक. खाली गुडघ्याचं विचारायचो. पाच फेऱ्या व्हायच्या, पाटी लागायची, आणि बंद दुकानात बसून अप्पा उत्तर सांगायचे, मी लिहून घ्यायचो.

हरल्याच्या पहिल्या पत्राला त्यांनी उत्तर सांगितलं ते असं : "मार्थाबाई, गुडघा बरा हाय. हरल्याचं मनाला लावून घेऊ नगा. तुमचा दमा कसा हाय? थंडी पडलीया, फेऱ्या बेतानं घाला. आमच्याकडनं मफलर पाठवतोय."

मी लिहिता लिहिता थांबलो. मार्थाबाईंना दमा नव्हता. अप्पा माझ्याकडे न बघता फळीवरून मफलर काढत होते.