एकेका पायाचे काटे

"अहो, हे काय आहे?" ओक्जाने लाल थैली नवऱ्याच्या नाकासमोर धरली. आत बर्फात बुटांना अडकवायचे लोखंडी काटे असायला हवे होते. पण निघाला सुकवलेला माकूळ मासा.

बोंगशिकने डोकावून पाहिलं. "माकूळ."

"ते मलाही दिसतंय! माझी जोडी मिळाली, तुमची कुठाय?"

"दोन लाल थैल्या होत्या, दोन्ही उचलल्या. स्वयंपाकघरातली कुठली ते मला काय ठाऊक?"

"लग्न झाल्यापासून तुम्हाला स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे तेच ठाऊक नाही!"

तेबेक डोंगराची वाट तिथून पुढे सगळी बर्फाची होती. ओक्जाने दोन्ही काटे स्वतःच्या बुटांना चढवले. चूक नवऱ्याची, तर पडायचंही नवऱ्यानेच, असा तिचा सरळ हिशेब. बोंगशिक वाटेकडेचा दोर धरत, झाडांना मिठ्या मारत कसाबसा माथ्यावर पोचला आणि बायकोकडे पाठ करून सगळा माकूळ एकट्याने खाऊन बसला.

उतारावर मात्र हजारो बुटांनी घासून बर्फाची काच झाली होती. पहिल्याच वळणावर त्याचे पाय निसटले. तो बसल्या बसल्या घसरत गेला तो थेट एका महिला मंडळाच्या पंगतीत. गरम सूपचं भांडं कलंडलं.

"आजोबा! काट्यांशिवाय बर्फात?" जांभळ्या टोपीची पुढारीण कडाडली. "घरात कुणी बाईमाणूस आहे की नाही?"

"आहे! ही काय उभी आहे!" ओक्जा वरून ओरडली. एवढ्या जणींत नवऱ्यापायी अब्रू गेली. तिने खाली येऊन उजव्या बुटाचा काटा ओरबाडून काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. "घाला उजव्या पायात! आणि धरा माझा हात!"

काट्यांचे पाय बाहेर, घसरणारे आत, अशी ती चार पायांची वरात निघाली.

"आधी आतला!"

"माझा की तुझा?"

"दोन्ही! अक्कल पण घरीच ठेवलीत का?"

वाट अरुंद. मागे अख्खं महिला मंडळ तुंबलं. सूप गेल्याचा राग हळूहळू ओसरला आणि पुढारीण गहिवरली. "बघा गं, या वयातही कसे हातात हात घालून चाललेत!" भराभर फोन निघाले. "आजी, जरा हसा ना!"

ओक्जा हसली आणि दातांआडून म्हणाली, "नोकरीतून निवृत्त तुम्ही झालात, मी नाही. हा डोंगर माझा होता. आठवड्यातला एक दिवस तुमचं तोंड न बघण्याचा. तिथंही शेपटासारखे आलात!"

बोंगशिकचं तोंड एवढंसं झालं. "मग सांगायचं ना. नसतो आलो."

"माणसाला एवढंही कळू नये?"

"मला कुठं डोंगर आवडतो?" आता तोही भडकला. "गुडघे बोंबलतात माझे! तू गेलीस की घर खायला उठतं, म्हणून येतो!"

"हे आत्ता सांगताय? इतके महिने मुकाट्यानं मागे चालत होतात?"

"तू कधी मागे वळून बघितलंस?"

यावर ओक्जाने त्याच्या आईपासून सुरुवात केली. मग त्याने तिचा भाऊ काढला. आवाज चढत गेले, पाय मात्र आता एका लयीत पडत होते. वाट रुंदावल्यावर मंडळ कधी पुढे निघून गेलं, दोघांना पत्ताच नव्हता.

"आजी, सोडा आता आजोबांचा हात!" पायथ्याशी उभ्या बसच्या खिडकीतून ड्रायव्हर ओरडला. "बर्फ केव्हाच संपलं!"

दोघांनी खाली पाहिलं. कोरडं डांबर. चटका बसल्यासारखे हात सुटले.

"तुम्हाला कळलं नाही?"

"तुला कळलं नाही?"

हे भांडण संपेना, तेव्हा ड्रायव्हरने दार लावून घेतलं. खिडक्यांतून महिला मंडळ प्रेमाने हात हलवत निघून गेलं.

दोघं थांब्यावरच्या बाकाच्या दोन टोकांना बसली.

"पुढच्या वेळी मी एकटी येणार," ओक्जा म्हणाली.

"ये. मी जाईन पलीकडच्या डोंगरावर."

ओक्जाने गर्रकन मान वळवली. "मला न घेता?"