फर्स्टची जागा

डॉमनिक अंकल मिशी फुटायच्या आधीपासून ट्रंपेट वाजवतायत, पण त्यांनी आजवर एकाही गाण्याची चाल वाजवलेली नाही. ते सेकंड आहेत. म्हणजे बँडमध्ये फर्स्ट ट्रंपेट चाल वाजवतो आणि सेकंड तिच्या खालून खालून सोबत करतो. दोघं असले की गोड लागतं. सेकंड एकटाच पडवीत रियाजाला बसला की शेजाऱ्याचं काय होतं, ते मला विचारा. चारकोप गावठाणाला चिकटून आमची बिल्डिंग आणि माझी खिडकी थेट त्यांच्या पडवीवर. एकदा डोकं खाजवून थकलो आणि ओरडलो, "अंकल, कुठलं गाणं हे?"

"तुझ्याच वरातीत नाचलास ना ह्यावर, मॅन!"

"कसा आहेस" असं ते कधी विचारत नाहीत. "सध्या काय ऐकतोस?" विचारतात, आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःचं सांगतात. "सध्या मी चर्चमधली कॉयरची मागची रांग ऐकतो." "सध्या सिनेमातली व्हायोलिनं. पुढे बाई काय गाते ते सोड." मी हौसेनं नवं हिट गाणं ऐकवलं, तर म्हणाले, "झकास. मागे कोण आहे?"

सध्या त्यांचे तीन बँड आहेत: लग्नाचा, मयताचा आणि एक 'प्रोजेक्ट'. माणसं तिन्हींत तीच, फक्त टोप्या बदलतात. प्रोजेक्टला टोपी नाही, कारण प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय ते अजून ठरायचंय. आणि फर्स्ट तिन्हींत नाही.

फर्स्ट होते त्यांचे थोरले भाऊ, पास्कू अंकल. त्यांचे पुढचे दात काढावे लागले. कवळी लावून फुंकलं की नुसती हवा. त्यांनी कवळी फेकून दिली, आणि तेव्हापासून ते समोरच्या घरात दार लावून बसलेले.

"शाळेत मी बिगुल वाजवायचो," अशी थाप मारून मी फर्स्टच्या जागेसाठी अर्ज केला. जीव खाऊन फुंकलो. खालच्या मावशी धावत आल्या, "कोणाची म्हैस अडली काय?" अंकलनी शांतपणे माझ्या हातातून ट्रंपेट काढून घेतला. "तू झांजा घे, बाबा."

एवढ्यात पास्कू अंकलच्या मरीनाचं लग्न आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. मरीनानं सरळ बजावलं, "अंकल, चाल वाजवा, नायतर मी डीजे आणते. लोकांना गाणं तरी कळू दे!"

मीही शहाणपणा केला. "येते ना तुम्हाला चाल? मग वाजवा की."

"झोपेतपण येते," अंकल म्हणाले. "पण ती जागा पास्कूची. मी तिथं उभा राहिलो, की तो समजेल, झालं, आता माझं काम नाय."

पाण्याच्या दिवशी पास्कू अंकल बाहेर यायला तयार नव्हते. "दाताशिवाय फोटोत नाय येणार." बायका घागरी घेऊन अंगणात थांबल्या. डॉमनिक अंकलनी सुरुवात केली, तीही सेकंडचीच. फर्स्टच्या ताना यायच्या तिथं ते चक्क गप्प उभे राहायचे. लोक हसायला लागले. एक भाचा मोबाइल काढून डीजेला फोन लावायला लागला. मी घाबरून त्या मोकळ्या जागेत झांज हाणली.

खाडकन दार उघडलं. "कोण रे तो गाढव? तिथं माझी तान आहे!"

पास्कू अंकल तोंडावर हात धरून बाहेर आले होते. हात खाली घेतला आणि तोंडानंच चाल धरली, "पा-पा-रारा." अर्धी हवाच होती. कोणी हसलं नाही. मरीनानं डोळे पुसत वडलांचा हात धरला आणि मिरवणूक निघाली.

डॉमनिक अंकलचा ट्रंपेट एरवी मार्केटपर्यंत ऐकू जातो. त्या दिवशी त्यांनी खिशातला रुमाल काढून ट्रंपेटच्या पुढच्या तोंडात कोंबला, आणि थोरल्या भावाच्या मागे एक पाऊल ठेवून, विहीर येईपर्यंत अगदी हळू वाजवत राहिले.