तीन शाखांतील ठेवींची हकीकत

श्रीगजानन बुद्धी देवो, आणि जमल्यास वेळेत देवो. शके १९४३, प्लव नाम संवत्सरे, आश्विन वद्य द्वितीयेस राज्यात वर्तमान आले की थोरल्या पेढीवर निर्बंध पडले. निर्बंध म्हणजे पैका तुमचाच, डोळे भरोन पाहावा, परंतु काढू नये. कारण पुसता सरकारातून उत्तर आले की अनुत्पादक मालमत्ता फार जाहली. म्हणजे संचालकांचे मेहुण्यांनी कर्जे नेली, ती परत आणिली नाहीत.

ते समयी राजश्री दिगंबरपंत पोतनीस, पाणीखात्याचे निवृत्त अंमलदार, निर्धास्त होते. त्यांचे कुटुंब कृष्णाबाई यांचे हृदयाची झडप निकामी जाहली होती आणि डॉक्टरांनी चार महिन्यांचे आत शस्त्रक्रिया सांगितली होती, खर्च आठ लक्ष, आणि पंतांची पुंजी पंधरा लक्ष, ती सारी याच पेढीत. परंतु एक टाकी फुटली तर दुसरी असावी हा पाणीखात्यातील शिरस्ता अंगी मुरला होता, आणि ठेव विमा पाच लक्षांपावेतो, म्हणोन पंतांनी तीन शाखांत पाच पाच लक्ष ठेविले होते, आणि सगळ्या आळीसही तैसेच करविले होते. मग शेजारी रडत आले, त्यांस पंत बोलिले, "अहो, विमा आहे! माणसाने वाचीत जावे." आणि कृष्णाबाईंस रिक्षात बसवोन पेढीवर गेले.

खिडकीतील कारकूनबाई बोलिली, "काका, पाच मिळतील. नव्वद दिवसांनी."

"शाखेमागे पाच. शाखा तीन."

"शाखा तीस असू देत. माणूस एक, बँक एक, सगळे मिळून पाच. बाकीचे अवसायक देईल, उरले तर." अवसायक म्हणजे पडल्या घराचे वासे विकोन वाटा घालणारा.

"नियम मला शिकवता?" पंत गरजले.

तों कृष्णाबाईंनी हळूच पुसिले, "आणि त्यातली एक ठेव माझ्या एकटीच्या नावावर असती तर?"

"तर तुमचे पाच वेगळे मिळाले असते, काकू."

"तरी मी म्हणत होते," कृष्णाबाई बोलिल्या. "हे म्हणाले, तुला कशाला सह्यांचं लचांड." आणि पंत तिन्ही पावत्या पिशवीत घालो लागले.

मग नव्वद दिवसांनी पाच लक्ष आले आणि तीन कमी पडले, आणि पंत आळीत दारोदार फिरले, परंतु आळीचा पैका पंतांचेच सल्ल्याने त्याच पेढीत अडकला होता. मग इस्पितळात हात जोडिले, तेथील हिशेबनीस बोलिला, "आजोबा, अर्ध्या पैशांत अर्धी झडप बसवता येत नाही हो." आणि पाचवा महिना लागता कृष्णाबाई निवर्तल्या.

सारांश, पाच लक्ष शिल्लक आहेत, मेहुणेमंडळी कुशल आहेत, अवसायकाचे काम चालू आहे. आळीतील कोणी सरकारी पत्र घेऊन अर्थ पुसावयास आला तर पंत ते हाती घेत नाहीत. म्हणतात, "मला त्यातलं काही कळत नाही." आणि दार लावून घेतात.