पाचशे मायक्रॉनचं एकमत

मोजमाप अचूक असावं, याबद्दल शासन, विज्ञान आणि जनता यांच्यात कधीच दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच असतो, की मोजायचं कशानं.

मोताळ्याकडच्या मनकर्णाबाईंच्या शेततळ्यात प्लास्टिकचं अस्तर टाकलं गेलं. त्यांनी ते चिमटीत धरून पाहिलं आणि पातळ असल्याची तक्रार आमच्या सरकारी कार्यालयात दिली. नियमानं जाडी पाचशे मायक्रॉन हवी. चिमूट हे मान्यताप्राप्त उपकरण नसल्यामुळे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक प्रोब निवडायला समिती नेमण्यात आली: अध्यक्ष नीळकंठराव, तांत्रिक सदस्य हिमानी (नोकरीचं पहिलंच वर्ष, म्हणून तांत्रिक) आणि इतिवृत्त लिहायला मी.

अस्तराच्या एकाच तुकड्यावर तीन प्रोब लावले. वीस मेगाहर्ट्झच्या बारीक प्रोबनं २५५ दाखवले, पंधराच्यानं २६०. तिसरा पाच मेगाहर्ट्झचा, लोखंडी पाइपांसाठीचा, हातात घेतला की अधिकार जाणवणारा. त्यानं ५१५ दाखवले. तिघांपैकी एकालाच नियम माहीत आहे, असं नीळकंठरावांनी नोंदवायला सांगितलं.

हिमानी म्हणाली, "सर, इतक्या पातळ थराचा पहिला प्रतिध्वनी याला कळतच नाही. दुसऱ्यालाच तो पहिला समजतो. म्हणून दुप्पट."

मी लिहिलं: 'प्रोबच्या क्षमतेवर सविस्तर चर्चा झाली.' तिनं सही केली नाही. खाली २५५ आणि २६० हे दोन आकडे लिहिले. पाच मेगाहर्ट्झचा प्रोब निवडून अस्तर योग्य ठरवण्याचा ठराव उरलेल्या सदस्यांच्या एकमतानं मंजूर झाला.

तळं भरलं. नवव्या दिवशी तळ दिसला; मुरमाचे खडे अस्तरातून वर आले होते. हरभऱ्याला एकच पाणी मिळालं. मनकर्णाबाई फाटका तुकडा घेऊन कार्यालयात आल्या. आम्ही तो पुसून तत्परतेनं मोजला. ५१५.

त्यांनी आकडा पाहिला. मग म्हणाल्या, "साहेब, मशीनले जाड दिसते, तं पान्याले काऊन दिसत नाही?"

पाणी समितीच्या कार्यकक्षेत येत नसल्याचं त्यांना लेखी कळवलं. हिमानीची बदली लोखंडी पाइपांच्या तपासणीवर झाली. तिथं तिनं तोच पाच मेगाहर्ट्झचा प्रोब मागितला, पण तो आमच्याकडे प्लास्टिक मोजण्यात गुंतलेला आहे.

आपण हसत असाल, तर हरकत नाही. फक्त घरातला वजनकाटा कुठल्या फरशीवर ठेवला की दोन किलो कमी दाखवतो, ते आपल्याला कसं ठाऊक झालं, एवढं कळवावं. समितीत एक जागा रिकामी आहे.