गाठीतला खोकला

नंदाने टेपरेकॉर्डर पुसायला म्हणून झाकण उघडलं, तर आत कॅसेट नव्हती.

आजच्या काळात टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट नाही म्हणून कुणी घाबरत नाही. पण तारीख होती तेवीस डिसेंबर, घर होतं पळसदरीतल्या साळवेबाईंचं, आणि हरवलेली कॅसेट होती नाताळची. नंदाने धावत जाऊन कपाट उघडलं. डबी जागेवर होती. तिच्यावर साळवेसाहेबांच्या वळणदार अक्षरात 'नाताळ' लिहिलेलं होतं. नंदाने डबी उघडली, आत बघितलं आणि तिथेच फरशीवर मटकन बसली.

ही कॅसेट काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उगाच बसली. साळवेबाई कर्जतच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. साहेब साजगावला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चमधल्या मंडळींनी पेटी-तबल्यावर नाताळची सात मराठी गाणी म्हटली आणि ती या कॅसेटवर उतरवून घेतली. साहेबांना गाण्याची हौस दांडगी, पण सुराशी उभं वैर. म्हणून त्यांना मागच्या बाकावर बसवून टेपचं बटण दाबायचं काम दिलं होतं. तोंड अजिबात उघडायचं नाही, अशी ताकीद होती. साहेबांनी दोन गाणी कशीबशी कळ काढली. तिसऱ्या गाण्यात गव्हाणीतल्या बाळाला झोप लागते, पेटी थांबते आणि क्षणभर सगळं शांत होतं. नेमके तिथे साहेब खोकले.

साहेबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. घरात त्यांचे फोटो आहेत, चपला आहेत, छत्री आहे. आवाज म्हणाल तर तेवढाच, कॅसेटमधला खोकला.

दर चोवीस डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता अख्खी आळी बाईंच्या ओसरीवर जमते. आळीत ख्रिस्ती घर हे एकच, पण केक आणि करंज्यांना धर्म विचारायची पद्धत तिथे नाही, आणि सातही गाणी आळीला तोंडपाठ. तिसरं गाणं लागलं की सगळे पोराबाळांना दटावून गप्प करतात. पेटी थांबते, खोकला येतो, सुंदराकाकू मोठ्याने म्हणतात, "साहेब आले." बाई पदराने चष्मा पुसतात आणि गाणं पुढे जातं. दोन वर्षांपूर्वी बाईंची पुण्याची भाची आरोही एक गोल स्पीकर घेऊन आली. त्यात नाताळची दोनशे इंग्रजी गाणी होती. आळीने अर्धा तास अदबीने ऐकली. मग येसाजीतात्यांनी विचारलं, "झालं का हिचं? आता आपली लावा की." तेव्हापासून तो स्पीकर माळ्यावर होता.

तर अशी ती कॅसेट, आणि नंदा बारा वर्षं त्या घरात कामाला. बाई नेमक्या केकसाठी मैदा आणि टुटीफ्रुटी आणायला कर्जतला गेल्या होत्या. नंदाने डोकं धरून मागचं सगळं आठवायला सुरुवात केली आणि पंधरा दिवस मागे गेल्यावर तिला घाम फुटला. ती तडक नवऱ्याच्या शेतावर गेली.

नवनाथ बांधावर उभा राहून वालाकडे कौतुकाने बघत होता. भात निघाल्यावर त्याच ओलीवर त्याने वाल टाकला होता. वालाचे कोंब वर आले की पारवे उतरतात आणि ओळीच्या ओळी उपटून खातात. त्यावर तिकडचा उपाय म्हणजे जुन्या कॅसेटमधली फीत. शेतभर बांबू रोवायचे आणि फीत ताणून बांधायची. ती वाऱ्यावर फुरफुरते, उन्हात चमकते आणि पाखरं बिचकतात. यंदा नवनाथच्या वालात एक पारवा उतरला नव्हता.

"आवो, बाईंच्या टेबलावरनं किती कॅसेटी आनल्या तुमी?"

"व्हत्या तेवढ्या. सा."

"बाईंनी पाचच काढून ठिवल्या व्हत्या."

नवनाथ हसला. "मंग एक जास्ती दिली आसंल. बाईंचा हात सढळ हाय."

"बाईंचा नाय, माझा. पुसायला म्हनून मशिनीतनं काडली, टेबलावर ठिवली आन कापूस आनायला आत ग्येले. तवर तुमी येऊन टेबल साफ केलंत. मला वाटलं, बाईंनीच परत मशिनीत घातली."

"कोनची व्हती?"

"नाताळची."

नवनाथचं हसू जागच्या जागी राहिलं. तो खोपीत गेला आणि गोणपाट झटकून सहा रिकामी कवचं बाहेर काढली. नवनाथ काही टाकून देत नाही, हा त्याचा गुण त्या दिवशी कामी आला. एका कवचावर साहेबांचं अक्षर होतं. त्यातली फीत मात्र समोर शेतात होती. सहा कॅसेटींची फीत, तीस बांबू, आणि सगळी एकाच रंगाची.

"कोनची कुटं बांधली, ध्यानात हाय का?"

"ध्यानात ठिवाया ती काय म्हसरं हायेत?" नवनाथ म्हणाला, पण त्याचा आवाज रडका झाला होता. "नंदे, साहेबांनी माझे सगळे फारम भरले गं. रेशनकार्डापासनं. कदी नाव ठिवलं नाय मला. आन मी त्यांना बांबूला बांधलं."

नवनाथचा पुतण्या मनोज कर्जत स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्त करतो. तो मोटारसायकलवरून बारका स्क्रूड्रायव्हर आणि चिकटपट्टी घेऊन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काका, फितीला वास नाय, रंग नाय. वाजवूनच बगायला लागंल." मग नंदाने बाईंचा टेपरेकॉर्डर पाटीत ठेवला, त्यावर धुण्याचे कपडे पसरले आणि नदीवर निघाल्यासारखी तो शेतात घेऊन आली. दुकानातून सेल आणले. एवढं झाल्यावर आळीला कळायचं राहतं थोडंच? सुंदराकाकू आल्या, त्यांच्या मागून येसाजीतात्या आले. तात्यांना शेतात टेपरेकॉर्डर बघून काही विशेष वाटलं नाही. ते बांधावर बसले.

पहिल्या बांबूवरची फीत सोडून मनोजने पेन्सिलीने कवचात गुंडाळली आणि बटण दाबलं. एका गृहस्थाने खणखणीत आवाजात विचारलं, "व्हेअर इज द कॅट?"

"सातवीचं इंग्रजी," मनोज म्हणाला.

"हितं नाय आली," तात्यांनी उत्तर दिलं.

दुसरी फीत रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची निघाली. पाखरांपासून पिकाचं रक्षण कसं करावं, हे एक अधिकारी समजावून सांगत होते. "थांब, थांब, ऐकू दे जरा," नवनाथ पुढे सरकला. अधिकारी म्हणाले, शेतकरी बंधूंनी शेतात चमकदार फीत बांधावी. नंदाने नवऱ्याकडे असं बघितलं की तो पुन्हा मागे सरकला.

तिसऱ्या वेळी पेटीचा सूर आला. पाठोपाठ तबला. पाचही जणांच्या जिवात जीव आला आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर बाईंची रिक्षा आली. "बसा खाली," नंदा म्हणाली. सगळे बांधाआड बसले. मनोजने घाईत आवाज बंद करायला बटण फिरवलं, ते उलट्या बाजूला. पेटी सगळ्या शेतावर दणाणली. रिक्षा क्षणभर थांबली, मग पुढे निघून गेली.

"ऐकलं नसंल त्यांनी," तात्या म्हणाले. "रिक्षाचा आवाज लई आसतो."

नाताळच्या फितीचे नऊ तुकडे झाले होते, कारण नवनाथने प्रत्येक वळणावर ती विळ्याने कापून बांबूला बांधली होती. कुठला तुकडा पुढचा, कुठला मागचा, हे मनोजला कळेना. ते काम सुंदराकाकूंनी केलं. एकेक तुकडा ऐकून त्या सांगत, "हे मेंढपाळांचं, हे मागनं. ताऱ्याचं आदी घे. आरं, नाय, ह्ये कडवं दुसरं." दुपार कलेपर्यंत सगळं जुळलं. फक्त एकाच जागी खंड होता. बाळाला झोप लागते, तिथे फीत संपत होती. पुढची फीत गाणं सुरू झाल्यावर लागत होती. मधला भाग कोपऱ्यातल्या बांबूवर गाठीत होता.

नवनाथची गाठ म्हणजे गाठ. ओली करून तीनदा आवळलेली. नंदाने सुई घेऊन पाऊण तास ती सोडवली. हातात आले ते चुरगळलेले, फाटके पाच-सहा कपटे. मनोजने ते चिकटवून बघितले. नुसतं खरखरलं. साहेबांचा खोकला गाठीत गेला होता. मनोजने त्या जागी अंदाजाने थोडी कोरी फीत जोडली.

संध्याकाळपर्यंत मोकळ्या झालेल्या वालावर पारवे उतरले. उरलेली फीत गुंता होऊन बांधावर पडली होती. नवनाथने ती पुन्हा बांधली नाही. त्याला धीरच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना सगळं सांगून टाकायचं, असं नंदाने ठरवलं होतं. पण तिने तोंड उघडलं की बाई काम सांगत. "बाई, एक बोलायचं व्हतं." "आधी बेदाणे निवड." "बाई, ती कॅसेट हाय ना..." "करंज्या जळतील, नंदा." दहा वाजता बाईंनी नवनाथलाही बोलावून घेतलं. तो मान खाली घालून दारात उभा राहिला.

"तुझ्या वालावर पारवे आलेत, काल संध्याकाळी दिसले," बाई म्हणाल्या. "माळ्यावर आरोहीचा स्पीकर आहे. तो ने आणि शेतात लाव."

फीत कुठे गेली, हे त्यांनी विचारलं नाही. नवनाथने स्पीकर नेऊन बांबूला टांगला. दोनशे इंग्रजी गाण्यांतलं तिसरं चालू असतानाच पारवे उठून शेजारच्या शेतात गेले. स्पीकर प्रथमच कुणाच्या तरी उपयोगाला आला.

सात वाजता ओसरी भरली. बाईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. नंदाने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. कुठल्या देवाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. पहिलं गाणं डळमळत निघालं. दवात भिजलेल्या आणि उन्हात ताणलेल्या फितीवर बायकांचे आवाज मधेच पुरुषी होत आणि तबला पाण्यात बुडाल्यासारखा वाजे. पण आळीच बरोबर गात असल्यामुळे निभावलं. दुसरंही पार पडलं. तिसरं लागलं. पोरांना दटावण्यात आलं. बाळाला झोप लागली. पेटी थांबली.

काहीच आलं नाही.

मनोजने अंदाजाने लावलेली कोरी फीत जरा जास्तच लांब होती. ती फिरत राहिली. सुंदराकाकूंचे शब्द ओठांवर अडकले. बाईंचा हात पदरापर्यंत जाऊन तिथेच थांबला. नंदाने डोळे मिटून घेतले. आता आपण या घरात पुन्हा कुठल्या तोंडाने यायचं, असं तिला झालं.

तेवढ्यात दारापाशी उभ्या नवनाथने तोंडासमोर मूठ धरली आणि तो खोकला.

कुणी हसलं नाही. बाईंनी मागे वळूनही बघितलं नाही.

"नवनाथ," त्या म्हणाल्या.

"जी."

"साहेब दोनदा खोकायचे."

इतक्या वर्षांत हे कुणालाही माहीत नव्हतं, कारण दुसऱ्या खोकल्याच्या वेळी सुंदराकाकू दरवर्षी मोठ्याने "साहेब आले" म्हणत. नवनाथने पुन्हा मूठ धरली आणि दुसऱ्यांदा खोकला. पेटी सुरू झाली. "आले गं बाई," काकू म्हणाल्या. बाईंनी चष्मा पुसला. त्या वर्षी आणखी बऱ्याच जणांनी डोळे पुसले. चष्मा फक्त बाईंना होता.

गाणी संपल्यावर नंदा बाईंच्या पायाशी बसून रडत रडत सगळं सांगायला लागली. बाईंनी तिला अर्ध्यात थांबवलं. "काल रिक्षातून पेटी ऐकली मी. शेतात दुसरं काय असणार?"

"मंग बोलला का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही जोडायचं सोडून रडत बसला असता. आत्ता बसलीस तशी."

मनोज कोपऱ्यातून पुढे आला. ही फीत पुन्हा वाजायची नाही हे ओळखून त्याने आत्ता ओसरीवर वाजत असतानाच सगळी गाणी मोबाईलवर उतरवून घेतली होती. "मधलं बोलनं तेवढं कापून टाकतो बाई. साफ कॉपी देतो तुमाला."

"कापलंस तर बघ," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं त्या गाण्यात ते एकटेच होते. आता मी पण आहे."

नवनाथ दारातूनच हळू आवाजात म्हणाला, "आन मी, बाई?"

बाईंनी केकचा सगळ्यात मोठा तुकडा कापून त्याच्यासमोर धरला.

"तू तर दोनदा आहेस."