मन्मथअप्पांचा रंगीत टीव्ही

आमच्या बोरीतले मन्मथअप्पा किराणेवाले कुठल्याही नव्या वस्तूला एकच सवाल विचारायचे, "हासिल काय?" प्रेशर कुकर आला. हासिल काय? डाळ आधीपण शिजतच होती की. थोरल्या जावयानं हौसेनं मनगटी घड्याळ आणलं, तर त्याच्या तोंडावर तेच विचारलं. जावई त्यातून अजून सावरलेला नाही.

तर रंगीत टीव्ही घ्यावा की नको, हा वाद त्यांच्या घरात दोन वर्षं चालला. सुनेनं विषय काढला तर म्हणाले, "कुंकू लाल असतंय, मला ठावं हाय. त्ये बघायला पैसे कशाला मोजू?" मुलानं शेतीच्या कार्यक्रमाचं निमित्त केलं. "कापूस पांढराच असतोय," अप्पा म्हणाले. शेवटी मुलगा त्यांना परभणीच्या दुकानात घेऊन गेला. परत आल्याबरोबर अप्पांनी मला हाक मारली, "मास्तर, लय बेकार काम. बातम्या सांगणारी बाई कावीळ झाल्यागत दिसायली."

मी भिंतीला भिंत लागून राहणारा. खरं कारण मला ठाऊक होतं, गल्लीलाही होतं. वाटणीच्या वेळी एका तांब्याच्या घंगाळावरून अप्पांचा आणि थोरल्या भावाचा, म्हणजे वीरभद्रअण्णांचा, अबोला झाला होता. उंच माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत असलेला भाग, अण्णांच्या वाट्याला गेलं आणि अप्पांच्या जुन्या टीव्हीचा अँटेना त्या माळवदावरच राहिला. अण्णा तिथं दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नसत. त्यामुळं संध्याकाळी पडद्यावर मुंग्या आल्या की अप्पा अंगणात येऊन आभाळाकडं बघत म्हणायचे, "जरा पेडगावकडं."

वरून अण्णा अँटेना पेडगावच्या दिशेला फिरवून विचारायचे, "आलं का?"

"होतं त्ये बी गेलं. माघारी घ्या."

"आता?"

"हां. राहू द्या."

बाजारात समोर आले की तोंड फिरवणारे हे दोघं भाऊ रोज एवढं बोलायचे. त्यात सुख-दुःखाचा एक शब्द नसायचा, पण अप्पा त्यानंतर दोन भाकरी जास्त खायचे, असं वहिनी सांगायच्या. आणि रंगीत टीव्हीसाठी नवा अँटेना अप्पांच्याच अंगणात उंच पाइपावर बसणार होता. मग अण्णांशी बोलायचं काय?

एक दिवस जुन्या टीव्हीनं मान टाकली. मिस्त्री म्हणाला, आता यात जीव नाही. मुलानं संधी साधली आणि रंगीत पेटी घरात आली, पाइप उभा राहिला. अप्पा दिवसभर जेवले नाहीत.

संध्याकाळी सगळी गल्ली त्यांच्या ओसरीत जमली. चित्र असं लख्ख, की बायाबापड्या साड्यांच्या काठांवर बोलायला लागल्या. अप्पांनी पडद्याकडं बघितलंच नाही. ते उठून अंगणात गेले, म्हणून मीही मागोमाग गेलो.

माळवदावर अण्णा रोजच्यासारखे येऊन उभे होते. हाताशी जुना अँटेना, त्याची वायर कापलेली, भिंतीवर लोंबत होती. समोर नवा पाइप अण्णांना दिसत नसेल, असं शक्यच नव्हतं.

अप्पांनी घसा खाकरला. "जरा पेडगावकडं."

अण्णांनी एकदा नव्या पाइपाकडं पाहिलं, एकदा भावाकडं. मग दोन्ही हातांनी जुना अँटेना फिरवला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

"आलं का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अजून," अप्पा म्हणाले. "सावकाश फिरवा. घाई न्हाई."